९७ टक्के अ‍ॅक्युरसी नवीन पेशंटवर ५८ कशी होते?

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त प्रश्न बायोमार्करचे, म्हणजे आजार ओळखायच्या शरीरातल्या खुणांचे निघाले. परळ ते पवई सगळेच सध्या रक्तात काहीतरी शोधतायत असं दिसतंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : मॅडम, मी परळला पीएचडी करतेय. टीबीचे ३० पेशंट आणि ३० हेल्दी कंट्रोल, यांच्या रक्तातल्या जवळपास २०,००० जीन्सचं एक्सप्रेशन (कुठला जीन किती चालू आहे ते) मोजलं. दोन गटांची सरासरी ताडून बघणारी टी-टेस्ट लावून सगळ्यात कमी पी-व्हॅल्यूवाले (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता सगळ्यात कमी असलेले) ५० जीन काढले, त्यावर दोन गट ओळखायला शिकणारं एसव्हीएम हे मॉडेल चालवलं, १०-फोल्ड क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये (डेटाचे १० भाग, दर वेळी एक बाजूला ठेवून बाकीच्यांवर शिकायचं आणि त्या एकावर तपासायचं) ९७ टक्के अ‍ॅक्युरसी आली. सर खूश, पेपर लिहायला पण घेतला. मग दुसऱ्या एका हॉस्पिटलमधून २४ सॅम्पल आले, खोकला घेऊन ओपीडीत आलेले लोक, त्यातले १२ टीबीचे निघाले आणि १२ दुसऱ्या आजारांचे. त्यावर आमचे फक्त १४ बरोबर आले. सर म्हणतात त्यांचे सॅम्पल खराब असणार. खरंच तसं असेल का?
— एक विद्यार्थिनी, परळ

लगेच त्यांच्या सॅम्पलवर खापर फोडू नका. आधी सांगा, ते ५० जीन निवडले कधी? तुम्हीच लिहिलंय, ६०च्या ६० जणांचा डेटा घेतला, कोण टीबीचा कोण हेल्दी हे बघून जीन उचलले आणि क्रॉस-व्हॅलिडेशन त्याच्यानंतर सुरू केलं. मग प्रत्येक फोल्डला जे ६ जण तुम्ही बाजूला ठेवलेत ते बाजूला होते कुठे, त्यांची उत्तरं बघूनच तर जीन निवडले होते ना! पेपर आधी फुटला आणि मग वर्गाला ९७ टक्के मिळाले, तसला प्रकार आहे हा.

पटत नसेल तर आज संध्याकाळी लॅपटॉपवर करून बघा. ५० काल्पनिक माणसं घ्या, २५ आजारी, २५ ठणठणीत, आणि प्रत्येकाला ५,००० रँडम आकडे द्या ज्यांचा आजाराशी काडीचाही संबंध नाही. त्यातून आजारी-ठणठणीत या लेबलशी सगळ्यात जास्त जुळणारे १०० आकडे निवडा, मग त्या १००वर क्रॉस-व्हॅलिडेशन करा. खरा एरर ५० टक्के यायला हवा, कारण डेटात काही नाहीच आहे, पण येतो ३ टक्क्यांच्या आसपास! स्टॅनफर्डचे हेस्टी आणि टिबशिरानी हे उदाहरण वर्गात देतात, आणि तरी दरवर्षी नवीन लोक त्याच खड्ड्यात पडतात. २००२ मध्ये अँब्रॉइझ आणि मॅक्लाक्लन यांनी हेच कोलन कॅन्सर आणि ल्युकेमियाच्या खऱ्या डेटावर दाखवलं होतं, निवड बाहेर ठेवली की एरर जवळजवळ शून्य दिसतो आणि निवड फोल्डच्या आत घेतली की तो वर चढतो. म्हणजे गोष्ट वीस वर्षांपेक्षा जुनी आहे, रिव्ह्यूअरला माहीत असणारच, आणि नसली तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं की वाईट ते तुम्हीच ठरवा.

करायचं काय, तर जीन निवडणं हा मॉडेलचाच भाग धरायचा. प्रत्येक फोल्डमध्ये आधी ६ जण बाजूला काढायचे, उरलेल्या ५४ वर नव्याने टी-टेस्ट, त्यातून नव्याने ५० जीन, मग एसव्हीएम, मग त्या ६ जणांवर प्रेडिक्शन. दर फोल्डला जीन वेगळे येतील, येऊ देत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ५०च का, २० किंवा २०० का नाही, हे पण डेटा बघून ठरवलं असेल तर तेही आत, म्हणजे क्रॉस-व्हॅलिडेशनच्या पोटात अजून एक क्रॉस-व्हॅलिडेशन. मिसिंग व्हॅल्यू भरणं, स्केलिंग, बॅच करेक्शन (वेगवेगळ्या दिवशी मोजल्यामुळे पडलेला फरक काढणं), सगळं आत. पायथनमध्ये करत असाल तर सायकिट-लर्नमध्ये पाइपलाइन नावाची सोय याच कामासाठी आहे, ती वापरा, हाताने करायला गेलं की काहीतरी बाहेर राहतंच. आणि एकाच पेशंटचे दोन सॅम्पल असतील, उपचाराआधीचा आणि नंतरचा, तर ते दोन्ही एकाच फोल्डमध्ये गेले पाहिजेत, नाहीतर मॉडेल आजार नाही, माणूस ओळखतं.

अजून एक तपासणी सांगते, फुकटची आहे आणि फार कमी लोक करतात. टीबी-हेल्दी ही लेबलं पत्ते पिसल्यासारखी उलटसुलट करा आणि अख्खी पाइपलाइन सुरुवातीपासून चालवा, असं शंभर वेळा. लेबलं खोटी असताना अ‍ॅक्युरसी सरासरी ५०च्या आसपास आली पाहिजे. ८०-९० आली तर पाइपलाइनला कुठेतरी गळती आहे, कुठे ते मग शोधत बसा, पण निदान आहे हे तरी कळलं.

आता दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं तुमच्या बाबतीत हीच जास्त मोठी आहे. टीबी विरुद्ध हेल्दी यात फरक खरोखर असतो. २०१० साली लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पेशंटवर झालेल्या कामात दिसलं की अ‍ॅक्टिव्ह टीबीत रक्तातले इंटरफेरॉनशी (व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ते प्रोटीन) संबंधित जीन्स वर जातात. त्यामुळे गळती बंद केल्यावर पण तुमची अ‍ॅक्युरसी बऱ्यापैकी राहील, ५० वर येणार नाही. पण इंटरफेरॉन काय फक्त टीबीत वाढतो का हो? साधा व्हायरल झाला तरी वाढतो. तुमचे कंट्रोल कोण होते, तर लॅबमधली धडधाकट मुलंमुली असणार, बरोबर ना? त्यांच्याशी तुलना करून मॉडेल "आजारी विरुद्ध ठीक" एवढंच शिकलं. आणि दुसऱ्या हॉस्पिटलने समोर आणले न्यूमोनियाचे, दम्याचे, पावसाळी तापाचे लोक. त्यातले बरेचसे तुमच्या मॉडेलने टीबीत टाकले असतील, बघा पडताळून, चुकलेल्या १० पैकी किती जण असे आहेत ते. डॉक्टरला ओपीडीत जो प्रश्न पडतो तो हाच असतो की या खोकणाऱ्यांपैकी टीबी कोणाला, ठणठणीत माणसाला टीबी नाही हे सांगायला २०,००० जीन कशाला लागतात. म्हणजे ज्याला तुमचे सर खराब सॅम्पल म्हणतायत, तीच तुमच्या मॉडेलची पहिली खरी परीक्षा होती. स्टॅनफर्डच्या एका गटाने २०१६ मध्ये टीबीसाठी फक्त तीन जीन्सचा स्कोअर काढला, जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२, आणि तो टिकला याचं एक कारण हे की त्यांनी वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या लॅबचे बरेच जुने पब्लिक डेटासेट एकत्र घेतले होते आणि त्यात टीबी विरुद्ध दुसरे आजार अशी तुलना पण होती. हे डेटासेट तुम्हाला पण मिळतील, जीईओ या खुल्या ऑनलाइन भांडारात पडून आहेत.

तिसरी गोष्ट ट्यूबची. ही स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात नसते म्हणून मुद्दाम लिहितेय. पेशंटचं रक्त वॉर्डात सकाळी साडेसातला काढलं जातं, ट्रेमध्ये राहतं, वॉर्डबॉय इतर कामं आटपून अकराला खाली आणतो, मग आइसबॉक्स, मग टॅक्सी, जुलै असेल तर हिंदमाताला पाणी, तुमच्या लॅबमध्ये पोचायला दुपार. कंट्रोलचं रक्त तुमच्याच लॅबमध्ये काढलेलं, दहा मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये. न फिरवलेल्या रक्तात पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी साखर उतरते. पोटॅशियम बाहेर झिरपतं, लाल पेशी फुटल्या तर एलडीएच हे पेशींमधलं एन्झाइम वाढतं, मायक्रोआरएनए (आरएनएचे छोटे तुकडे) मोजणारे असाल तर लाल पेशींमधला मायआर-४५१ एकदम उसळतो, आणि जीन एक्सप्रेशन तर याहून नाजूक. मग तुमच्या यादीतले काही जीन टीबीचे नसून उशिराचे असू शकतात. टी-टेस्टला काय, तिला फरक दिसला की ती सांगते, कशामुळे ते तिला कळत नाही. एका कॉलममध्ये रक्त काढल्याची वेळ आणि फिरवल्याची वेळ लिहा, जुन्या सॅम्पलचं रजिस्टर असेल तर आत्ता पण भरता येईल. आणि मशीनवर लावताना पेशंट सगळे सोमवारी आणि कंट्रोल सगळे गुरुवारी असं झालं असेल तर मात्र कुठलंही बॅच करेक्शन ते सोडवू शकत नाही, कारण दिवस आणि आजार एकच होऊन बसले. २००२ साली लॅन्सेटमध्ये ओव्हरीच्या कॅन्सरची रक्तातली प्रोटीन टेस्ट आली होती, ५० पैकी ५० कॅन्सर पकडलेले, सगळीकडे गाजावाजा. नंतर बॅगर्ली, मॉरिस आणि कूम्ब्स यांनी त्या गटाचा खुला केलेला डेटा उघडून बघितला तर एका डेटासेटमध्ये मशीनच्या ज्या भागात नुसता गोंगाट असतो त्या भागावरून पण कॅन्सर आणि कंट्रोल चोख वेगळे होत होते. गोंगाटाला कॅन्सर कसा कळला? कळला नाही, सॅम्पल कसे चालवले ते कळलं.

सरांना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा, पण पेपरमध्ये दुसऱ्या हॉस्पिटलचा आकडा गाळू नका. उलट तोच ठेवा आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट द्या. ३० पैकी २७ टीबी पकडले तर सेन्सिटिव्हिटी (आजारी लोकांपैकी किती पकडले) ९० टक्के म्हणतो आपण, पण ९५ टक्के इंटरव्हल धरला तर खरी किंमत ७४ पासून ९७ पर्यंत कुठेही असू शकते. डब्ल्यूएचओने २०१४ मध्ये टीबीच्या ट्रायेज टेस्टकडून (पुढची पक्की टेस्ट कोणाला लागेल ते निवडणारी) किमान अपेक्षा ९० टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ७० टक्के स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर सोडले) अशी ठेवली होती. ३० जणांवर तुम्ही ती गाठलीत की नाही हे कोणीच सांगू शकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ४ केसेस आणि ४ कंट्रोल आहेत. डेटा नॉर्मल नाही म्हणून विलकॉक्सन (आकड्यांच्या क्रमावर चालणारी टेस्ट) लावली. २०,००० जीन्समधून एकही सिग्निफिकंट येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये गडबड असेल का?
— शीव

सॉफ्टवेअर बिचारं बरोबर आहे. ८ जणांतून ४ निवडायचे ७० प्रकार, त्यामुळे विलकॉक्सनची सगळ्यात लहान दोन-बाजूंची पी-व्हॅल्यू २ भागिले ७०, म्हणजे ०.०२९ च्या आसपास, त्याच्या खाली ती जाऊच शकत नाही, मग फरक आभाळाएवढा का असेना. बॉनफेरोनी करेक्शनला, म्हणजे ०.०५ ला टेस्टच्या संख्येने भागायचं, २०,००० टेस्टसाठी ०.०००००२५ लागतं. बेंजामिनी-होखबर्गची १९९५ ची फॉल्स डिस्कव्हरी रेटवाली पद्धत (निवडलेल्यांत खोटे किती ते आवरणारी) बरीच उदार आहे पण ती तरी काय करणार. आणि करेक्शनच नको असं मनात येत असेल तर लक्षात घ्या, ०.०५ ची रेघ धरली तर २०,००० मध्ये काही नसताना पण साधारण १,००० जीन पास होतात. लॉग घेऊन लिम्मा ही जीन-डेटासाठीची पद्धत वापरा, ती सगळ्या जीन्सकडून व्हेरियन्सचा अंदाज उसना घेते म्हणून छोट्या सॅम्पलला बरी पडते. पण ४ आणि ४ वर क्लासिफायर, म्हणजे आजारी कोण ते ओळखणारं मॉडेल, बांधू नका, एवढं ऐका.

प्रश्न : ताई, हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो की नाही माहीत नाही. आईने (वय ४६) फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, त्यात "कॅन्सर मार्कर" म्हणून सीए-१२५ होतं. ते ४१ आलंय, रिपोर्टवर ३५ च्या वर म्हणून ठळक अक्षरात छापलंय. तेव्हापासून घरात कोणी नीट जेवलेलं नाही. टेस्ट ९८ टक्के अचूक आहे असं लॅबवाला म्हणाला, म्हणजे आईला ९८ टक्के कॅन्सर आहे का?
— मुलुंड

बसतो, अगदी बसतो, आणि आधी जेवून घ्या.

९८ टक्के कॅन्सर असा त्याचा अर्थ नाही, त्याच्या जवळपास पण नाही. हिशोब करून बघू, आकडे समजण्यापुरते धरलेत. सीए-१२५ हा ओव्हरीच्या (अंडाशयाच्या) कॅन्सरचा मार्कर, तर समजा काहीही त्रास नसलेल्या १०,००० बायकांपैकी ४ जणींना हा कॅन्सर आहे. टेस्ट त्यातल्या ८० टक्के पकडते, म्हणजे ३ जणी. उरलेल्या ९,९९६ जणींना काही नाही, त्यांच्यातल्या ९८ टक्के जणींना टेस्ट बरोबर "नाही" सांगते, पण २ टक्के जणींना उगाच "हो" सांगते, त्या झाल्या साधारण २००. म्हणजे ज्या २०३ जणींच्या रिपोर्टवर ठळक अक्षरं आली त्यांच्यात खऱ्या ३. लॅबवाल्याचे ९८ टक्के हे निरोगी बायकांपैकी किती जणींना टेस्ट बरोबर सोडून देते त्याचे आहेत, रिपोर्ट वर आलेल्या बाईला कॅन्सर असण्याचे नाहीत. ही गल्लत डॉक्टर लोक पण करतात.

शिवाय पाळी चालू असणाऱ्या वयात सीए-१२५ वाढायला कारणं ढीगभर आहेत, खुद्द पाळीचे दिवस, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, आणि आपल्याकडे पोटाचा टीबी, त्यात तर हा आकडा शेकड्यांत जातो आणि कॅन्सर समजून धावपळ होते. मार्कर खोटा आहे असं नाही हं. कॅन्सरचं निदान झालेल्या बाईचे उपचार लागू पडतायत का, आजार परत आला का, हे बघायला तो चांगलाच उपयोगी आहे. गोंधळ होतो तो धडधाकट माणसांना सरसकट लावल्यावर. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना घेऊन मोठी ट्रायल झाली, २००१ ते २००५ मध्ये भरती, २०२१ मध्ये शेवटचा निकाल, सीए-१२५ आणि सोनोग्राफीने दरवर्षी तपासून या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय घट काही दिसली नाही. तरी पॅकेजमध्ये टेस्ट आहेच, कारण पॅकेजमध्ये जेवढ्या ओळी तेवढं ते भारी दिसतं, हे माझं मत.

आता करायचं काय, तर रिपोर्ट घेऊन गायनॅककडे जा, पाळीची तारीख सांगा, पोट फुगणं, भूक कमी होणं, ओटीपोटात दुखणं असं काही असेल तर सांगा, घरात कोणाला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर ते नक्की सांगा कारण मग ते ४ जणींचं गणित बदलतं. सोनोग्राफी करायची की थोड्या दिवसांनी टेस्ट परत करायची हे त्या ठरवतील. मी आकड्यांची बाई आहे, डॉक्टर नाही.

प्रश्न : अंधेरीच्या एका स्टार्टअपमध्ये डेटा सायंटिस्ट आहे. ब्रेस्ट कॅन्सरच्या डेटावर लॅसो (मोजके जीन निवडणारी पद्धत) चालवतो, रँडम सीड (रँडम वाटणी ठरवणारा आकडा) बदललं की जीन्सची यादी बदलते, अ‍ॅक्युरसी मात्र तेवढीच राहते. क्लायंट विचारतो "खरे" बायोमार्कर कुठले? काय सांगू?

खरं तेच सांगा, की याद्या बऱ्याच आहेत. लॅसो ही टिबशिरानींची १९९६ ची पद्धत, ती बिनकामाच्या जीन्सचा कोइफिशियंट सरळ शून्य करते म्हणून सगळ्यांना आवडते, पण एकमेकांशी घट्ट जोडलेले दहा जीन असले तर त्यातला एखादाच ठेवते आणि कुठला ठेवेल ते डेटातल्या चार माणसांवर पण अवलंबून असतं. तुम्ही सीड बदललं की फोल्ड बदलतात, लॅम्डा (लॅसो किती कडक ते ठरवणारा आकडा) बदलतो, यादी बदलते. ब्रेस्ट कॅन्सरची ७० जीन्सची प्रसिद्ध सिग्नेचर, म्हणजे आजार पुढे कसा जाईल ते सांगणारी जीन-यादी, २००२ मध्ये आली, तिच्यावरून मामाप्रिंट ही टेस्ट निघाली. २००५ मध्ये एइन-डोर आणि मंडळींनी तोच डेटा घेऊन वेगवेगळ्या ७०-७० जीन्सच्या अनेक याद्या काढून दाखवल्या, जवळपास तेवढंच चांगलं प्रेडिक्शन देणाऱ्या. पुढच्या वर्षी त्यांनीच हिशोब मांडला की यादी स्थिर यायला हजारोंनी पेशंट लागतील.

क्लायंटला फक्त प्रेडिक्शन हवं असेल तर कुठलीही एक यादी गोठवा आणि बाहेरच्या डेटावर तपासा, गोठवल्यावर तिला हात लावायचा नाही. बायोलॉजी हवी असेल तर इलॅस्टिक नेट बघा, ते जोडलेल्या जीन्सना गटाने आत घेतं. किंवा स्टेबिलिटी सिलेक्शन करा, दर वेळी अर्धे पेशंट रँडम उचलायचे, लॅसो चालवायचं, असं शंभरदा, आणि कुठला जीन किती वेळा आला ते मोजायचं. ९० वेळा आलेला आणि १२ वेळा आलेला यातला फरक क्लायंटला न शिकवता कळतो.

आणि एक गंमत सांगते, ब्रेस्ट कॅन्सरवाल्यांनी ही जरूर लक्षात ठेवावी. २०११ मध्ये व्हेनेट आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरशी संबंध नसलेल्या जीन-याद्या घेतल्या, त्यातली एक चक्क जेवणानंतर हसल्यावर रक्तात बदलणाऱ्या जीन्सची, एक दुसऱ्या उंदरांकडून मार खाल्लेल्या उंदरांच्या मेंदूची, आणि त्या पण ब्रेस्ट कॅन्सरमध्ये कोण जास्त जगेल याच्याशी "सिग्निफिकंट" निघाल्या! छापून आलेल्या ४७ सिग्नेचर त्यांनी तपासल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त तेवढ्याच आकाराच्या रँडम यादीपेक्षा ठोस चांगल्या नव्हत्या. कारण असं की या ट्यूमरमध्ये पेशी किती वेगाने वाढतायत याच्याशी जीनोमचा मोठा भाग जोडलेला असतो, त्यामुळे डोळे मिटून ५०-१०० जीन उचलले तरी त्यात तो वेग थोडाफार येतोच. तेव्हा तुमची यादी शून्याशी तोलू नका, तेवढ्याच आकाराच्या हजार रँडम याद्यांशी तोला, आणि सोबत वय, ट्यूमरचा साइज, ग्रेड, लिम्फ नोड हे घालून बघा, पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली जे फुकटात सांगितलं त्याच्यावर तुमचे जीन काय भर घालतात. बरेचदा इथेच मीटिंग शांत होते.

जाता जाता दोन सूचना. काहींनी मला पेशंटची नावं आणि मोबाइल नंबर असलेल्या एक्सेल फाइल पाठवल्यात, त्या मी न उघडता डिलीट केल्या, नाव काढून कोड टाकून पाठवा. आणि जीन्सची नावं एक्सेलमध्ये टाइप करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करा, एकाच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचा बायोमार्कर "१ मार्च" असा आलाय. तो मार्च१ नावाचा जीन होता. अशा जीन्सची नावंच २०२० मध्ये बदलून टाकली, आता तो मार्चएफ१ झालाय, पण जुन्या डेटात जुनंच नाव आहे.